गच्चीवरचा एक मिलिमीटर

फूटपट्टी घ्या आणि तिच्यावरच्या दोन बारीक रेघांमधलं अंतर नीट बघा. एक मिलिमीटर. आता डोळ्यांसमोर आणा, की तुमच्या गच्चीवर फक्त एवढ्याच उंचीचं पाणी साचलंय. त्यातून चाललात तर तळवे जेमतेम ओले होतील. कागदाची होडी सोडलीत तर ती तरंगणारसुद्धा नाही. मग सांगा बरं, गच्चीवरचं हे सगळं पाणी गोळा केलं तर एक बादली तरी भरेल का?

आधी अंदाज करा, मग पुढे वाचा.

गच्चीवर खडूनं एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा चौकोन आखा. त्यात एक मिलिमीटर पाणी म्हणजे 100 सेंटिमीटर गुणिले 100 सेंटिमीटर गुणिले 0.1 सेंटिमीटर. उत्तर येतं 1000 घन सेंटिमीटर, म्हणजे बरोबर एक लिटर! एक चौरस मीटर, एक मिलिमीटर, एक लिटर. इतका सुटसुटीत हिशेब विज्ञानात क्वचितच मिळतो, आणि मला तो फार आवडतो. तुमची गच्ची दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असेल तर तिच्यावर असे शंभर चौकोन बसतात. म्हणजे त्या जेमतेम ओल्या दिसणाऱ्या गच्चीवर शंभर लिटर पाणी आहे. वीस लिटरच्या पाच बादल्या!

आणि हा झाला फक्त एक मिलिमीटर. पुण्यात शिवाजीनगरला वर्षभरात साधारण 700 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो. आपण 700 धरू. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर 70 हजार लिटर. मुंबईत तर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. 26 जुलै 2005 या एका दिवसात सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आपल्या हिशेबातली गच्ची त्या दिवशी तिथे असती तर तिच्यावर 94 हजार 400 लिटर पाणी पडलं असतं. दहा हजार लिटरचे नऊ टँकर भरून वर थोडं उरलं असतं.

पण पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात तरी कसा? हे घरीच करून बघा. सरळ उभ्या बाजूंचा एक डबा घ्या, तळाशी आणि तोंडाशी सारखाच रुंद असलेला. भिंतीपासून आणि झाडापासून दूर, उघड्या जागी ठेवा. वाऱ्यानं लवंडू नये म्हणून चारही बाजूंनी विटा लावा, पण आत दगड टाकू नका, नाहीतर पाण्याची उंची चुकेल. सकाळी आत फूटपट्टी उभी धरा. जितके मिलिमीटर पाणी, तितके मिलिमीटर पाऊस.

इथे एक गंमत आहे. शेजारी दुप्पट रुंद तोंडाचा डबा ठेवला तर त्यात पाऊस दुप्पट मोजला जाईल, असं वाटतं ना? नाही! त्यात पाणी जास्त पडतं, पण ते पसरायला तळही तेवढाच मोठा असतो. उंची तीच राहते. बादली मात्र चालणार नाही, कारण ती वर रुंद आणि खाली निमुळती असते. मोठ्या तोंडानं घेतलेलं पाणी लहान तळावर साचतं आणि पाऊस खरा होता त्याहून जास्त दिसतो.

हवामान खात्यातली माणसं रोज सकाळी साडेआठला गेल्या चोवीस तासांचा पाऊस मोजतात. तुम्हीही तीच वेळ ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलेल्या आकड्याशी तुमचा आकडा ताडून बघता येईल. दोन्ही आकडे सारखे येतीलच असं नाही. शिवाजीनगरला कोसळलेला पाऊस कोथरूडला शिंतोड्यांवर निभावतो, हे पुण्यातल्या मुलांना सांगायला नकोच. हवामान खात्यात आणखी एक नियम आहे. दिवसभरात अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला, तरच तो ‘पावसाचा दिवस’ म्हणून धरतात. रेनकोट भिजला एवढ्यावर भागत नाही.

आता पुन्हा गच्चीवर येऊ. ते 70 हजार लिटर सगळेच्या सगळे आपल्या हाती लागत नाहीत. काही थेंब आपटून बाहेर उडतात, काही पाणी सिमेंट पिऊन टाकतं, काही खळग्यांत साचून वाळून जातं. सिमेंटच्या गच्चीवरून शंभरातले सुमारे ऐंशी लिटर पाइपापर्यंत पोचतात असं धरलं, तर उरले 56 हजार. पत्र्याच्या छपरावरून याहून थोडं जास्त मिळतं, कारण पत्रा पाणी पीत नाही.

छप्पन्न हजार लिटर! आणि बहुतेक इमारतींत ते जातं कुठे? पावसाळी पाइपातून खाली, तिथून गटारात. त्याच इमारतीच्या फाटकाशी एप्रिलमध्ये टँकर उभा असतो. मला हे बघवत नाही.

‘पण आमच्या सोसायटीत रेनवॉटर हार्वेस्टिंग आहे,’ असं तुमच्यापैकी काहीजण म्हणतील. असेलही. आपल्या शहरांत नव्या मोठ्या इमारतींना ते करावंच लागतं. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. ते चालतं का?

मे महिन्याच्या शेवटी आमच्या इमारतीच्या गच्चीवर प्लंबरकाका आले होते, तेव्हा मी मुद्दाम वर गेले. त्यांनी पाइपाच्या तोंडावरची जाळी पान्याच्या टोकानं उचकटली आणि आत हात घालून एकेक वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली. कबुतरांची पिसं, एकमेकांना चिकटून लगदा झालेली. गुलमोहराच्या वाळक्या शेंगेचा तुकडा. मांज्याचा गुंता. दिवाळीतल्या फटाक्याचा लाल कागद, जो पुढच्या पावसाळ्याची वाट बघत तिथेच बसला होता. आणि सगळ्यात खाली बोटभर जाडीचा काळा, मऊ गाळ. काकांनी तो बोटांवर चोळून दाखवला. त्यात रस्त्यावरची धूळ होती, शेजारच्या बांधकामाचं सिमेंट होतं, पक्ष्यांची शीट होती. आठ महिने गच्ची हे सगळं गोळा करत असते. ढगातून निघालेलं पाणी बरंच स्वच्छ असतं, ते घाण होतं ते आपल्या गच्चीवर उतरल्यावर.

म्हणून पावसाचं पाणी साठवायचं असेल तर पहिलं काम उलटंच असतं. पहिलं पाणी सोडून द्यायचं! पावसाची पहिली सर गच्ची धुऊन काढते. ते धुवण टाकीत जाता कामा नये. त्यानंतर येणारं पाणी आपलं.

पण पाऊस रात्री दोन वाजता सुरू झाला तर? पाइप बदलायला गच्चीवर कोण धावत जाणार? त्यासाठी एक झकास युक्ती आहे. तिला ना वीज लागते, ना माणूस.

गच्चीवरून येणारा पाइप टाकीकडे वळायच्या आधी त्याला खाली जाणारी एक फांदी काढतात. ती फांदी म्हणजे खालून बंद असलेला उभा पाइप. पाऊस सुरू झाला की पाणी आधी सरळ खाली, या फांदीत पडतं. गाळ, शीट, धूळ सगळं त्यातच. फांदीत एक चेंडू सोडलेला असतो. पाणी चढत जातं तसा तो तरंगत वर येतो आणि फांदी भरली की तिच्या अरुंद तोंडात घट्ट बसतो. दार बंद! आता मागून येणाऱ्या पाण्याला एकच वाट उरते, ती टाकीची. घाण पाणी फांदीत कोंडलं गेलं, चांगलं पाणी पुढे गेलं.

मग दुसऱ्या दिवशी? फांदी भरलेलीच राहिली तर पुढच्या पावसातली घाण अडवायला जागाच नाही. म्हणून तिच्या तळाशी एक अगदी बारीक भोक ठेवतात. त्यातून थेंब थेंब पाणी गळत राहतं, पाऊस थांबल्यावर काही तासांत फांदी रिकामी होते, चेंडू खाली बसतो आणि सगळी व्यवस्था पुन्हा तयार.

या सबंध व्यवस्थेतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे ते भोक, असं मी म्हणेन. कारण गाळ बसून सगळ्यात आधी बुजतं तेच. भोक बुजलं की फांदी कायमची भरलेली, चेंडू कायमचा वर अडकलेला आणि गच्चीवरची घाण थेट टाकीत. बाहेरून मात्र सगळं ठाकठीक दिसतं! मग दोन वर्षांनी सोसायटीत कुणीतरी म्हणतं, ‘त्या पाण्याला वास येतो, बंद करून टाका ते.’ पाण्याचा काही दोष नसतो. काडीनं एक भोक मोकळं करायचं राहिलेलं असतं.

दुसरी खोट मापात असते, आणि ती तुम्ही गणितानं पकडू शकता. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवरचा पहिला एक मिलिमीटर सोडून द्यायचा म्हणजे किती पाणी? शंभर लिटर, हे आपण मघाशीच काढलं. आता चार इंची पाइपात दर मीटरला आठ लिटरच्या आसपास पाणी मावतं. (वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकला असाल तर तपासून बघा. व्यास साधारण दहा सेंटिमीटर.) बऱ्याच ठिकाणी फांदी असते जेमतेम एक मीटर उंचीची. अडवायचं शंभर लिटर आणि जागा आठ लिटरची! शंभर लिटरसाठी बारा मीटरपेक्षा जास्त पाइप लागेल. तो चार मजल्यांएवढा उंच होईल. त्यापेक्षा फांदीच्या खाली शंभर लिटरचा एक जुना पिंप जोडून दिला की झालं. काम तेच, खर्च थोडा.

पहिलं पाणी गेलं, चांगलं आलं. आता ते ठेवायचं कुठे? इथे मी तुम्हाला बंगळूरला नेते.

बंगळूरमध्ये ए. आर. शिवकुमार नावाचे एक शास्त्रज्ञ आहेत. 1995 मध्ये त्यांनी घर बांधलं आणि ठरवलं, की नळाचं पाणी घ्यायचंच नाही, पावसाच्या पाण्यावरच राहायचं. शहरात, चारी बाजूंनी घरं असताना! पण त्यांनी काम सुरू केलं ते टाकीपासून नाही, आकड्यांपासून. बंगळूरच्या पावसाच्या गेल्या शंभर वर्षांच्या नोंदी काढल्या आणि त्यांना एक फार नेमका प्रश्न विचारला. वर्षात किती पाऊस पडतो, हा नव्हे. त्यांनी विचारलं, एका चांगल्या पावसानंतर दुसरा चांगला पाऊस यायला जास्तीत जास्त किती दिवस लागतात? उत्तर आलं, सुमारे शंभर दिवस. घरात चार माणसं, रोज लागणारं पाणी सुमारे चारशे लिटर. शंभर दिवसांचे झाले 40 हजार लिटर. म्हणजे तेवढं साठवता आलं की कोरडे दिवस पार पडले. मग त्यांनी त्या मापाच्या टाक्या घरात बसवल्या. ते घर पावसावर चालतं.

मला यातला प्रश्न उत्तरापेक्षाही जास्त आवडतो. कारण तोच प्रश्न आपण पुण्यात विचारला तर?

बंगळूरला एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस येतो, मग जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा. पाऊस वर्षभर विखुरलेला. आपल्याकडे जूनमध्ये सुरू होतो आणि सप्टेंबर उलटला की हळूहळू आटोपतो. त्यानंतर जवळजवळ आठ महिने, म्हणजे 240 दिवस कोरडे. मध्ये एखादी अवकाळी सर येते, पण तिचा भरवसा धरता येत नाही. 240 गुणिले 400 लिटर म्हणजे 96 हजार लिटर. ही टाकी सहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि चार मीटर खोल लागेल. एका कुटुंबासाठी! तुमच्या घरातली सगळ्यात मोठी खोली छतापर्यंत भरली तरी पुरणार नाही.

आठ महिने पुरेल एवढं पाणी साठवायला काय करावं लागतं, हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर मुंबईत बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीची लेणी आहेत, तिथे जा. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीपासून बौद्ध भिक्खू तिथे राहत होते. शंभराहून जास्त लेणी आहेत, आणि कित्येक लेण्यांच्या दाराशी कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. मूर्ती बघून झाल्या की मान खाली घालून पायाखालचा खडक बघत चाला. डोंगराच्या अंगावर बारीक पन्हळी कोरलेल्या दिसतील. पावसाचं पाणी ओघळून त्या पन्हळींत यावं आणि टाक्यात पडावं, अशी ही योजना. अख्खा डोंगर हीच त्यांची गच्ची! टाकंही एकच मोठं नाही, ठिकठिकाणी लहान लहान. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवरही अशीच कातळात खोदलेली टाकी असतात, तुम्ही पाहिली असतील.

शहरात आपल्याकडे डोंगर नाही आणि जागाही नाही. मग काय, बंगळूरची युक्ती इथे फसली? नाही. फक्त बदलावी लागते.

समजा, तुमच्याकडे हजार लिटरची एकच टाकी आहे. एका दिवशी पंधरा मिलिमीटर पाऊस झाला. पहिला एक मिलिमीटर सोडला, उरलेल्या चौदाचे झाले 1400 लिटर, त्यातले ऐंशी टक्के म्हणजे 1120. टाकी एका पावसात भरली! आता बरीच माणसं काय करतात? उन्हाळ्यात उपयोगी पडेल म्हणून ती भरलेली टाकी जपून ठेवतात. जूनमध्ये भरलेली टाकी सप्टेंबरपर्यंत भरलेलीच. मधला सगळा पाऊस तिच्या ओव्हरफ्लोमधून गटारात. वर्षाची कमाई, हजार लिटर.

आता दुसरं घर. तिथे टाकी भरली की लगेच वापरायला काढतात. फरशी पुसायला, संडासात, कपडे धुवायला, गाडी धुवायला. रोज चारशे लिटर वापरलं तर अडीच दिवसांत टाकी रिकामी आणि पुढच्या पावसाला तयार. पावसाळ्यात ती पंधरा वेळा भरली तर 15 हजार लिटर झाले. टाकी तीच, गच्ची तीच, पाऊसही तोच! भरलेली टाकी नवा पाऊस घेऊ शकत नाही. म्हणून आपल्या शहरांत पावसाचं पाणी पावसाळ्यातच वापरून टाकायचं. आपण जितकं कमी पाणी नळातून घेऊ, तितकं खडकवासला, पानशेतच्या धरणात राहील. उन्हाळ्यासाठी साठा करायला ती धरणं आहेतच की.

टाकीतल्या दोन बारीक गोष्टी सांगते, त्या फारशा कुणी सांगत नाही. पाणी वरून धबधब्यासारखं टाकीत पडलं तर तळाचा गाळ ढवळून वर येतो. म्हणून आत येणारा पाइप तळापर्यंत नेऊन त्याचं तोंड वरच्या दिशेला वळवायचं, म्हणजे पाणी शांतपणे शिरतं. आणि बाहेर जाणारा नळ अगदी तळाशी लावायचा नाही, वीतभर वर लावायचा. तळाचा गाळ तळाशीच राहतो.

टाकी भरल्यावर वाहून जाणारं पाणी गटाराऐवजी जमिनीत गेलं तर सोन्याहून पिवळं. पण जमीन ते घेते का? ते खालच्या खडकावर अवलंबून आहे. चेन्नईत समुद्राकाठच्या भागात खाली वाळू आहे, पाणी ओतलं की मुरलं. तामिळनाडूत 2003 मध्ये घरोघरी पाऊसपाणी जिरवणं सक्तीचं झालं, त्यानंतर चेन्नईतल्या विहिरींची पाणीपातळी वर आली. आपल्या पायाखाली मात्र काळा कातळ आहे, बेसॉल्ट. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला. त्यावर पुन्हा नवा लाव्हा, पुन्हा थंड. असे थरावर थर चढले. काही थर इतके घट्ट, की पाण्याचा थेंबही आत शिरत नाही. काही थर थंड होताना त्यांत वायूचे बुडबुडे अडकले, त्यामुळे ते ढोकळ्यासारखे सच्छिद्र झाले. काहींना तडे गेले, काही झिजून मुरूम झाले. पाणी राहतं ते याच तड्यांत, मुरुमात आणि एकमेकींना जोडल्या गेलेल्या छिद्रांत. म्हणून एका इमारतीच्या बोअरला पाणी लागतं आणि भिंतीपलीकडच्या बोअरला लागत नाही.

तेव्हा शोषखड्डा खणायच्या आधी जमिनीची परीक्षा घ्यायची. लहानसा खड्डा करा, पाण्यानं भरा, तासानं येऊन फूटपट्टीनं मोजा. पातळी चांगली उतरली असेल तर जागा योग्य. पाणी जसंच्या तसं दिसलं तर खाली घट्ट कातळ आहे, दुसरी जागा बघा. हे काम मोठ्या माणसांना सोबत घेऊन करा आणि खड्डा उघडा ठेवू नका.

जागा सापडली की खड्डा भरतात तीन थरांत. मोठे दगड, खडी आणि जाड वाळू. कुठला थर कुठे घालाल? मोठे दगड वर घालावेत, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर वाळू सगळ्यात वर हवी! पाण्याबरोबर आलेला गाळ वाळूच्या वरच्या बोटभर थरातच अडकतो. उन्हाळ्यात तेवढा थर खरवडून टाकला, नवी वाळू पसरली, की खड्डा नव्यासारखा. दगड वर असते तर गाळ थेट खाली गेला असता आणि तो काढायला सगळा खड्डा उपसावा लागला असता.

बोअरमध्ये पाणी सोडणार असाल तर मात्र फार जपून. गाळ किंवा रस्त्यावरचं, पार्किंगमधलं तेलकट पाणी थेट बोअरमध्ये गेलं तर खडकातल्या तड्यांमध्ये घाण शिरते आणि ती बाहेर काढता येत नाही. बोअरमध्ये जायचं ते गच्चीवरचंच पाणी, आणि तेही गाळून.

हो, डास! साठवलेलं स्वच्छ पाणी डेंगीच्या एडिस डासाला फार आवडतं. त्याची मादी पाण्याच्या पातळीच्या थोडं वर, भांड्याच्या भिंतीवर अंडी घालते. पाणी ओतून दिलं तरी अंडी भिंतीला चिकटून राहतात, महिनोन् महिने कोरडी टिकतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून पाणी नुसतं ओतून भागत नाही, पिंपाच्या भिंती घासाव्या लागतात. टाकीला घट्ट झाकण हवं आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी. झाकण सगळे लावतात, ही जाळी विसरतात. तेवढी वाट डासाला पुरते.

आता पावसाच्या पाण्याचा एक गुण दाखवते. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत अर्ध्यापर्यंत बोअरचं पाणी, दुसरीत तेवढंच पावसाचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा वाटाण्याएवढा तुकडा टाका, झाकणं लावा आणि सारख्याच जोरानं हलवा. पावसाच्या पाण्यात फेसच फेस होतो. बोअरच्या पाण्यात थोडाच, आणि पाणी दुधट होतं. असं का? जमिनीतून जाताना पाणी खडकातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेतं. साबण आधी त्या क्षारांना चिकटतो आणि त्याचा साका होतो. फेस करायला साबण उरतोच कुठे? पावसाचं पाणी खडकाला भेटलेलंच नसतं. बोअरच्या पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही अशी तुमच्या आजीची तक्रार असेल, तर तिचं कारणही हेच क्षार. ते डाळीचं साल आणि गर मऊ होऊ देत नाहीत. गीझरच्या आत जमणारा पांढरा थरही त्यांचाच.

हे पाणी तसंच तोंडाला लावायचं नाही, हे लक्षात ठेवा. गच्चीवर कबुतरं येतातच. पिण्यासाठी ते नीट गाळावं लागतं, जंतू मारावे लागतात, तपासून घ्यावं लागतं. धुण्याला, पुसायला, झाडांना मात्र काहीच अडचण नाही.

शेवटी एक हिशेब तुमच्यावर सोपवते. आपण बघितली ती एका घराची गच्ची. तुम्ही राहता त्या इमारतीत एका गच्चीखाली बरीच घरं असतील. समजा, गच्ची 200 चौरस मीटर आणि घरं बारा. 700 मिलिमीटर पावसाचे होतात एक लाख 40 हजार लिटर, त्यातले ऐंशी टक्के एक लाख 12 हजार, आणि बारा घरांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 9300. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी लागतं असं धरून सरकारी योजना आखतात. चार माणसांचे झाले 540. म्हणजे एका घराचं सतरा दिवसांचं पाणी. वर्षभराचं नाही, हे खरं. पण सतरा दिवस तुमचं घर आभाळातून पाणी घेईल! इमारत जितकी उंच, तितके हे दिवस कमी होतात, कारण मजले वाढले तरी गच्ची तेवढीच राहते.

तुमच्या गच्चीची लांबी-रुंदी पावलांनी मोजा, घरं मोजा, आणि तुमच्या इमारतीचे दिवस किती ते काढा. तो कागद घेऊन सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांकडे जा. आणि गेलाच आहात, तर त्यांना हेही विचारा, की पाइपाखालचं ते बारीक भोक याआधी कधी मोकळं केलं होतं. उत्तर ठाऊक नसेल तर त्यांनाच घेऊन वर जा. बरोबर एक लांब तार असू द्या.